धरमतर ते गेटवे, पाच लाख आणि चार महिने

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ ४१ वर्षांचे, घोडबंदर रोडला राहतात. त्यांच्या वडिलांचं डायलिसिस ज्या ट्रस्टच्या केंद्रात झालं, त्या ट्रस्टसाठी पाच लाख रुपये उभे करायचे आहेत. सोसायटीच्या तलावात आठवड्यातून तीन दिवस दीड-दीड किलोमीटर पोहतात, किलोमीटरला २२ मिनिटं लागतात. आता ऑक्टोबर चालू आहे, फेब्रुवारीत धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया पोहायचं आणि लोकांकडून "पोचलो तर इतके देऊ" असे शब्द घ्यायचे, असा बेत आहे. जमेल का?

धरमतर जमणार नाही. घारापुरी ते गेटवे जमू शकेल. आणि "पोचलो तर" ही अट आजच्या आज काढून टाका. ती का काढायची हे सांगायलाच मी खरं तर हे लिहायला बसले आहे, पण आधी पाण्याचं बोलू.

धरमतर ते गेटवे हे अंतर साधारण ३६ किलोमीटर. बहुतेक जण रात्री पाण्यात उतरतात, ओहोटीबरोबर खाडीतून रेवस-करंजाच्या तोंडापर्यंत येतात आणि तिथून भरती धरून गेटवेकडे वळतात. ठाण्यातली दहा-बारा वर्षांची मुलंसुद्धा हे अंतर पार करतात, त्याचे फोटो पेपरात येतात आणि मग मोठ्या माणसांना वाटतं, पोराला जमतं तर मला का नाही. ते पोर रोज पहाटे पाचला मारोतराव शिंदे तरणतलावावर हजर असतं, हे फोटोत दिसत नाही. तुमचा आठवड्याचा हिशेब आज साडेचार किलोमीटरचा आहे. घारापुरीहून पोहण्याचं अंतर १४ किलोमीटर धरतात, आणि तेसुद्धा तुमच्यासाठी मोठंच आहे.

सोसायटीच्या तलावाचं गणितही एकदा मांडून पाहा. तलाव १८ मीटरचा धरला तर दीड किलोमीटरला ८३ वेळा भिंत येते. दर वेळी भिंतीला पाय मारून तीन मीटर फुकट सरकता, म्हणजे अडीचशे मीटर भिंतीने पोहून दिले. शिवाय दर वीस-पंचवीस सेकंदांनी खांद्याला क्षणभर विसावा. समुद्रात भिंत नाही. म्हणून आठवड्यातला निदान एक सराव ५० मीटरच्या तलावात करा, दादरच्या महात्मा गांधी तलावासारख्या. तिथेही वळताना पाय मारू नका, भिंतीच्या अलीकडून तसेच वळा. पहिल्या दिवशी स्वतःची दया येईल.

सरावाची मोजणी अशी ठेवा. पहिल्या आठवड्यात सहा किलोमीटर, मग दर आठवड्याला साधारण दहा टक्के वाढ, दर चौथा आठवडा हलका. असं करत पंधराव्या आठवड्याला १७ किलोमीटरपर्यंत या, त्यातलं एक पोहणं सलग नऊ-दहा किलोमीटरचं हवं. सोळाव्या आठवड्यात निम्म्यावर उतरा. सगळं मिळून चार महिन्यांत १६० किलोमीटर होतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे पैशाच्या हिशेबात लागणार आहे.

उघड्या पाण्याचा सराव कुठे करायचा, हा ठाणेकरांचा कायमचा प्रश्न. खाडी घराशेजारी आहे म्हणून खाडीत उतरू नका. ठाण्याची खाडी फ्लेमिंगोंची आहे, २०२२ पासून रामसर यादीत आहे, पण माणसाने पोहावं असं तिथे काही नाही. गुडघाभर चिखल आणि दोन्ही काठांच्या शहरांचं सांडपाणी आहे. २०११ मध्ये डेव्हिड वॉलियम्स हा ब्रिटिश विनोदी नट मदतनिधीसाठी थेम्स नदीत आठ दिवसांत १४० मैल पोहला. पैसे भरपूर जमले, पण वाटेत पोट असं बिघडलं की पेपरांत त्याच्या पोटाच्याच बातम्या येत राहिल्या. मुंबई बंदरातलं पाणीही काही तीर्थ नाही, म्हणून टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए च्या लसींबद्दल डॉक्टरांशी आत्ताच बोला. त्याच भेटीत ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट उरकून घ्या. चाळिशीनंतर हे करून घेतल्याशिवाय मी कोणाच्या बोटीवर चढत नाही.

सरावासाठी एखाद्या जुन्या प्रशिक्षकाच्या गटाबरोबर उरणच्या बाजूला जा, एकटे कधीही नाही. आणि डिसेंबरमध्ये मालवणला चिवला बीचवर सागरी जलतरण स्पर्धा भरते, तिला नक्की जा. ठाण्याहून कोकणकन्या पकडली की सकाळी कुडाळ. तिथलं स्वच्छ पाणी पाहून फार खूश होऊ नका. आपल्या बंदरात कोपराच्या पुढचा स्वतःचा हातही दिसत नाही, त्याची सवय वेगळी करावी लागते. पण खारट पाणी, लाटा, शेजारच्याची लाथ आणि डोकं वर काढून दिशा बघणं हे सगळं मालवणला एका दिवसात कळतं. डिसेंबरअखेर समुद्रात पाच किलोमीटर नीट झाले नाहीत, तर घारापुरीसुद्धा पुढच्या वर्षावर टाका आणि यंदा संक रॉक दीपस्तंभ ते गेटवे हे पाचेक किलोमीटरचं अंतर करा. ट्रस्टला काही फरक पडणार नाही.

आता भरती-ओहोटी. तुमच्या प्रश्नात हा शब्द एकदाही नाही, तेव्हाच मला काळजी वाटली.

तुमचा वेग ताशी पावणेतीन किलोमीटर. दीड नॉटचा प्रवाह म्हणजेही ताशी पावणेतीन किलोमीटर. समोरून तेवढा प्रवाह आला की तुम्ही पूर्ण ताकदीने पोहत एकाच जागी उभे. त्यामुळे पाणी कधी, कुठे चाललंय हे आधी कळलं पाहिजे. घारापुरी गेटवेच्या ईशान्येकडे आहे आणि ओहोटीचं पाणी बंदरातून बाहेर, दक्षिण-नैर्ऋत्येकडे जातं. म्हणजे भरती पूर्ण झाली की लगेच घारापुरी सोडायची आणि सहा तासांची ओहोटी संपायच्या आत गेटवे गाठायचा. संक रॉकहून येताना उलटं, तिथून भरती धरायची.

कोकणातली म्हातारी माणसं भरतीची वेळ बोटांवर काढतात, तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. नवमीला पावणेसात. दिवसाला सुमारे ५० मिनिटं पुढे. हा झाला अंदाज, नेमकी वेळ मुंबई बंदराच्या तक्त्यातच बघायची. पण अंदाजातून तारीख निवडता येते. फेब्रुवारीतली एखादी नवमी धरा. पावणेसातच्या सुमारास भरती पूर्ण होते, तेव्हाच उजाडत असतं, आणि दुपारी पाऊण-एकपर्यंत ओहोटी तुमच्या बाजूने. शिवाय अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी, उधाणासारखी ओढ नसते. नवख्याच्या चार चुका भांगाचं पाणी पोटात घालतं. आणि बाराच्या पुढे पश्चिमेचा वारा सुटतो, तो तुमच्या तोंडावरच येणार, त्याच्या आत तुम्ही धक्क्याला लागलेले असाल. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी पर्यटकांच्या लाँची कमी. नवमी आणि सोमवार एकत्र आले तर लॉटरीच लागली म्हणा, नाही तर नवमी सोडू नका.

हे मी कशावरून सांगते, तर स्वतः आपटून. वीसेक वर्षांपूर्वी मीही एका संस्थेच्या मदतीसाठी घारापुरी ते गेटवे पोहायला उतरले. त्या दिवशी भरती सकाळी साडेनवाला पूर्ण होती, पावणेदहाला उडी मारायची ठरली होती. घारापुरीच्या जेटीवर बॅनर लावलेला, नारळ-अगरबत्ती तयार, मी अंगाला लॅनोलिन फासून बसलेली. आणि प्रमुख पाहुणे आले नव्हते. त्यांच्या हस्ते झेंडा दाखवायचा होता. ते आले, दोन शब्द बोलले, फोटो झाले आणि मी पाण्यात पडले तेव्हा साडेअकरा वाजले होते. मला साडेचार तास लागणार होते, ओहोटीचे उरले होते चार.

दुपारच्या वाऱ्याने आणखी पाऊण तास खाल्ला. ताजचा घुमट समोर दिसत होता, अगदी खिडक्या मोजाव्यात इतका. भरती लागली. भरतीचं पाणी एकदम जोर करत नाही. पहिल्या तासात एकूण चढणाऱ्या पाण्याचा बारावा भाग, दुसऱ्या तासात दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. त्यामुळे पहिल्या तासात मला वाटत राहिलं की मी जिंकतेय. मग घुमट डावीकडे सरकायला लागला. बोटीवरून तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, ओरडले, "ताई, तुम्ही पोहताय गेटवेला, पाणी नेतंय भाऊच्या धक्क्याला!"

तेव्हा मी बाहेर यायला हवं होतं. नाही आले. कारण देणगीदारांनी "पोचली तर" म्हणून रकमा लिहिल्या होत्या आणि प्रत्येक हाताला मला ती यादी आठवत होती. हात मारला की नाव, हात मारला की रक्कम. पुढची चाळीस मिनिटं मी त्या यादीसाठी पोहले. ओठ निळे, बोटं एकमेकांना चिकटेनात. शेवटी तांडेलांनी खलाशाला सांगून मला काखेत धरून उचललं. संस्थेला त्यातली जेमतेम निम्मी रक्कम मिळाली. उरलेल्यांचं म्हणणं रास्त होतं, अट तशीच होती.

समुद्रात माणूस दमतो, गारठतो, ते कळून बाहेर येतो. पण त्याच्या डोक्यावर दुसऱ्याच्या औषधपाण्याचे पैसे ठेवले की तो बाहेर येत नाही. म्हणून माझ्या देखरेखीखाली मदतीसाठी पोहणाऱ्यांना मी दोन गोष्टी आधी लिहून द्यायला लावते. देणगी पोचण्यावर अवलंबून नाही, ही एक. आणि बाहेर काढायचा निर्णय बोटीवरच्या एकाच माणसाचा, तो पोहणाऱ्याने किंवा त्याच्या बायकोने बदलायचा नाही, ही दुसरी. बायकोचं नाव उगाच घेतलेलं नाही. घरची माणसं एक तर पहिल्याच तासाला काढा म्हणतात, नाही तर शेवटपर्यंत "थोडंच राहिलंय" म्हणत बसतात.

मग पैसे कशावर मागायचे? सरावावर मागा. तुमचे १६० किलोमीटर आहेत. किलोमीटरमागे दहा रुपये द्या म्हणालात तर एका माणसाचे सोळाशे होतात, चार महिन्यांत विभागून. पाच लाखांना ३१३ माणसं लागतील. घोडबंदरच्या एका मोठ्या सोसायटीत आणि तुमच्या ऑफिसात मिळून तेवढी माणसं आहेत. दर रविवारी ग्रुपवर आठवड्याचा आकडा टाका. जानेवारीपर्यंत लोकच लिफ्टमध्ये विचारतील, या आठवड्यात दोन किलोमीटर कमी का. पोहायच्या दिवसापर्यंत बहुतेक रक्कम जमलेली असेल आणि तुम्ही हलक्या डोक्याने पाण्यात उतराल.

पैसे तुमच्या खात्यात घेऊ नका, एक रुपयाही नाही. ट्रस्टचा क्यूआर कोड, ट्रस्टचं खातं, ट्रस्टची पावती. स्वतःच्या नावाने वर्गणी गोळा करायची तर गणपती मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी लागते, आणि ते लचांड तुम्हाला नकोच आहे. ट्रस्टकडे ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट देणारी मान्यता, आहे का ते विचारा. असेल तर देणगीदारांना आधीच सांगा की दोन हजारांच्या वर रोख दिलं तर वजावट मिळत नाही आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे त्यांना ती तशीही नाही. नंतर मार्चमध्ये लोक तुम्हालाच फोन करतात. परदेशातल्या नातेवाइकांचं जरा जपून. भाचा भारतीय पासपोर्टवर तिकडे नोकरी करत असेल तर तो आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवू शकतो. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती विदेशी देणगी ठरते आणि ट्रस्टकडे एफसीआरए नोंदणी नसेल तर ती घेता येत नाही. बोट, डिझेल, निरीक्षक यांचा खर्च देणग्यांतून करणार असाल तर पहिल्याच मेसेजमध्ये तसं लिहा. माझं मत विचाराल तर तो खर्च खिशातून करा किंवा एखाद्या मित्राच्या गळ्यात घाला.

परवानग्यांचं काम डिसेंबरमध्येच सुरू करा. महाराष्ट्र राज्य हौशी जलतरण संघटनेकडे अर्ज केला की वैद्यकीय दाखला मागतात आणि निरीक्षक देतात. त्यांना रस्ता माहीत आहे, बंदर प्राधिकरण आणि पोलिसांची पत्रं कशी न्यायची हे तेच सांगतील. घारापुरी आणि गेटवेच्या मध्ये जवाहर द्वीप आहे, तिथे तेलाची जहाजं लागतात. आसपास नौदलाच्या हालचाली असतात. १८ डिसेंबर २०२४ ला याच पाण्यात नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या प्रवासी लाँचवर आदळली होती. अख्खी लाँच दिसत असून तसं झालं, तिथे पाण्यावर तुमची टोपी तेवढी दिसणार आहे. म्हणून टोपी भडक केशरी किंवा पिवळी घ्या.

बोट ठरवताना तांडेलाला एकच प्रश्न विचारा: "पोहणाऱ्याबरोबर कधी गेला आहात का?" मासेमारीच्या बोटीला तुमच्या वेगाने चालताच येत नाही. गिअर टाकायचा, दहा हात पुढे जायचं, न्यूट्रल करायचं, वाट बघायची, असं पाच तास. ज्याला याचा कंटाळा येतो तो पुढे जाऊन थांबतो आणि तुम्ही एकटे पडता. डिझेलचा धूर वाऱ्याबरोबर तुमच्या तोंडावर येत असेल तर बोट दुसऱ्या बाजूला घ्यायला सांगायचं. धुराने उलट्या होऊन बाहेर काढलेले दोघे मी पाहिलेत, दोघांचेही खांदे ठणठणीत होते.

खाणं दर अर्ध्या तासाला. बोटीला हात लावायचा नाही, त्यामुळे बाटलीला दोरी बांधून फेकायची. तासाला ५०-६० ग्रॅम साखर-पिष्ट पोटात गेलं पाहिजे. मी कोमट ग्लुकोजचं पाणी आणि एक आड एक तांदळाची गाळलेली पेज देते, मीठ घालून, थर्मासमधून. तीन तासांनी खाऱ्या पाण्याने जीभ सुजते, गोड नकोसं होतं, तेव्हा पेज उतरते. चिक्की, चॉकलेट काही उपयोगाचं नाही. कुस्करलेलं केळं चालतं. जे देणार ते सरावात आधी दिलेलं असलं पाहिजे.

काखा, मानेची मागची बाजू, मांड्या आणि पोशाखाच्या पट्ट्यांखाली लॅनोलिन-व्हॅसलीन चोळा. आदल्या दिवशी दाढी करा, खुंटांनी खांदा सोलवटून निघतो. जेलीफिश लागली तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुऊन तंतू काढायचे. दम लागू लागला किंवा ओठ सुजले तर ताबडतोब वर.

थंडीला मात्र हलक्यात घेऊ नका. फेब्रुवारीत बंदरातलं पाणी चोवीस-पंचवीस अंश असतं. ऐकायला काही वाटत नाही. पण पाणी हवेच्या वीस-पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढतं आणि तुम्ही पाच तास त्यात असणार. बोटीवरचा माणूस दर दहा मिनिटांनी तुमचे हात मोजेल. मिनिटाला ६० चे ५२ झाले की मी पुढच्या घोटाला विचारते, "बारा सत्ते?" चौऱ्यांशी पटकन आलं तर ठीक. "काय?" असं आलं तर आणखी एक प्रश्न, आणि मग बाहेर. खोकताना गुलाबी फेस आला किंवा छातीत घरघर ऐकू आली तर प्रश्नसुद्धा नाही, थेट बाहेर.

पाण्यातून गेटवे कसा दिसतो हेही सांगून ठेवते. तुमचे डोळे पाण्याच्या वितभर वर, त्यामुळे क्षितिज जेमतेम दीड किलोमीटरवर. पहिले दोन तास गेटवे शोधू नका, बोटीकडे बघून पोहा. पुढे ताजचा घुमट दिसेल. गेटवे २६ मीटर उंच असूनही मागच्या इमारतींत बराच वेळ हरवलेला असतो, आणि दिसायला लागला की तासभर तेवढाच राहतो. त्या तासात बोटीवर कोणी "आलंच, आलंच" म्हणायचं नाही, हे घरच्यांना बजावून ठेवा.

पायऱ्यांवर चढल्यावर फोटोसाठी उभे राहू नका. बाहेर आल्यावरही शरीराच्या आतलं तापमान काही वेळ उतरतच असतं, लोक तिथेच चक्कर येऊन पडतात. ओलं काढा, पुसा, टोपी, स्वेटर, कोमट चहा, मग फोटो. कढत पाण्याची आंघोळ घरी गेल्यावर.

आणि झेंडा दाखवायला ट्रस्टने कोणी मोठा पाहुणा ठरवला असेल तर त्यांना गेटवेला बोलवा, दुपारी एक वाजता. घारापुरीच्या जेटीवर फक्त तांडेल, निरीक्षक, डॉक्टर आणि तुम्ही. नारळ तांडेल फोडतील.